अकरा दोरे

नवागाम, दिंडोली, सुरत
सोमवार, १२ जानेवारी

प्रिय रंभामावशी,

तू म्हणशील, घरात तीन-तीन फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहीत बसली. कारण आहे, ते शेवटी सांगते. हे पत्र वाल्मिकदादा परवा उतराणीच्या, संक्रांतीच्या दिवशी तुझ्याकडे घेऊन येईल. त्या दिवशी त्याच्या कारखान्याचे माग बंद असतात. तुझ्या डोळ्यांपुढे आता नुसतं धुकं असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून शेजारच्या निंबाआबांना वाचायला सांगायचं असं मी त्याला बजावलंय. आबा, तुम्हाला हात जोडून एक विनंती. मिलमधल्या लोकांची पत्रं वाचताना तुम्ही वाईट मजकूर गाळायचात आणि मधेच एखादं गोड वाक्य पदरचं घालायचात, असं आई अजून सांगते. हे पत्र तसं वाचू नका. जसं आहे तसं वाचा, आणि घरात बसून नको, बाहेर ओट्यावर बसून वाचा.

आधी घरचं सांगते. बाबांचा खोकला कमी आहे, पण मागाच्या आवाजानं कान गेलेत, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलतात आणि आई म्हणते, बरं झालं, मला काही लपवता येत नाही. आईचं साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम चालू आहे. आमच्या जेवणात रोज एखादी टिकली सापडते. बाहेर गल्लीत पोरांनी दोन टोकांना खुंट्या रोवून मांजा घोटायला घेतलाय, सगळ्यांचे हात गुलाबी झालेत. मी हे खिडकीशी बसून लिहितेय आणि समोरून तो गुलाबी दोरा सारखा जातोय. माझं लक्ष त्या दोऱ्यावरून हलत नाही.

मला संशोधन केंद्रात नोकरी लागली तेव्हा तू तुझ्या कामरेजच्या वाड्यातल्या नऊच्या नऊ घरांत गूळ-खोबरं वाटलंस. मी काय काम करते हे तुला कुणी विचारलं तर तू सांगायचीस, ती शेळ्यांची शाळामास्तरीण आहे. मी हसायचे, पण मला ते आवडायचं. घरात पहिली पदवीधर मी, आणि नोकरी मिळाली ती शेळ्यांची. आमचे सर शेळ्यांच्या जातीवर काम करतात. गावोगाव जाऊन शेळ्यांचं रक्त घ्यायचं, कानात पिवळा बिल्ला ठोकायचा, आणि पाळणाऱ्याला विचारून एक फॉर्म भरायचा: शेळी किती वर्षांची, तिची आई कोण, बाप कोण, बोकड कुठून आणला. मग त्या रक्तातून कोणती शेळी कोणाच्या नात्यातली आहे ते शोधायचं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ज्या पांढऱ्या शेळीला इथं सुरती म्हणतात तिलाच धुळ्याकडचे लोक खानदेशी म्हणतात. मला इतका आनंद झाला होता, मावशी. वाटलं, आपल्यासारखीच आहे की ही. नदीच्या या काठाला एक नाव, त्या काठाला दुसरं.

तेव्हा सरांनी एक गोष्ट झाडांची सांगितली होती. आमच्या शेजारच्या विभागात आंब्याची कलमं करतात. एक गोड झाड सापडलं की त्याच्याच फांद्यांपासून हजार कलमं करायची, म्हणजे हजार झाडं दिसतात पण असतं ते एकच झाड. एक रोग आला की सगळी एकदम वाळतात. कळपाचंही तसंच. एकाच चांगल्या बोकडाची पोरं, त्याच बोकडाच्या नाती, असं होत गेलं की बाहेरून कळप भरलेला दिसतो आणि आतून रिकामा होत जातो. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी लिहिलंच नाही. मला ते सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. घरना बोकड घरमा नको, असं तू म्हणायचीस. हात वर करून सांगावं असं वाटलं, की सर, माझी मावशी हे दोऱ्यांनी करते. हात मांडीवरून उठला नाही. पहिली लाज तिथली. ती लहान होती, म्हणून मला कळली नाही.

ते दोरे तूच मला शिकवलेस. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला तुझ्याकडे सोडायची, आणि वाल्मिकदादा कारखान्यातून उरलेल्या सुताची पिशवी भरून आणून द्यायचा. करडू जन्मलं की तिसऱ्या दिवशी तू त्याच्या मानेत दोरा घालायचीस. जाड पेड आईचा, बारीक पेड बापाचा. लाल सुती धागा म्हणजे तू लग्नात शिरपूरहून आणलेल्या शेळीचा वंश. काळी लोकर म्हणजे बाजारातून घेतलेल्या लंगडीचा. हिरवा नायलॉनचा, गुळगुळीत, तो कोणाचा हे मी कधी विचारलं नाही. आणि पिवळी जर, बोटाला टोचणारी, ती माझी. मी जन्मले त्या दिवशी जी पाठ, म्हणजे मादी करडू, झाली ती तू माझ्या नावानं सोडलीस, आणि तिच्या सगळ्या लेकी-नातींच्या मानेत जर आली. चार तऱ्हांचं सूत तू मुद्दाम निवडलंस, कारण डोळे तेव्हाच अंधूक व्हायला लागले होते. तू माझे डोळे हातानं झाकायचीस आणि दोन दोरे माझ्या मुठीत द्यायचीस. सांग, हिला हा बोकड चालेल का? एक जरी पेड जुळला तरी नाही म्हणायचं. मी चुकले की तू माझ्या डोक्यात टपली मारून म्हणायचीस, लावलंस ना भावाबहिणीचं लगीन. सगळा वाडा हसायचा. निंबाआबा तर मला लग्न जुळवणारी भटीण म्हणायचे.

आता ते सांगते, जे तुला माहीतच आहे. पण मी माझ्या तोंडानं कधी सांगितलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत आमची गाडी कामरेजला आली. गावांची यादी सरांनी केली होती, माझ्या हातात नव्हती. तुझ्या वाड्याचं नाव यादीत बघितल्यावर मी आदल्या दिवशी तुला फोन करायला हवा होता, केला नाही. केला असता तर तू लुगडं बदलून, दाराशी रांगोळी काढून बसली असतीस आणि सगळ्यांना सांगितलं असतंस, म्हणून केला नाही. गाडीत आमचे जनावरांचे डॉक्टर नितीनभाई होते. मनानं वाईट नाहीत, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. वळणावर म्हणाले, इन लोगों को खुद की जन्मतारीख पता नहीं, बकरी की क्या बताएँगे. सगळे हसले. मीही हसले. मावशी, बाबांची जन्मतारीख एक जून आहे, आईची एक जून आहे, तुझ्या रेशनकार्डावरही एक जून आहे. आणि मी हसले. ऑफिसात मी बाबांबद्दल एवढंच सांगितलं होतं की टेक्स्टाइल लाइनमध्ये आहेत. ऐकणाऱ्याला वाटावं की दुकान वगैरे असेल. खोटं एक अक्षरही बोलले नव्हते, इतक्या काळजीनं बोलले होते.

गाडीतून उतरले तर तू शेणाच्या हातानं उभी. दिसत नसतानाही माझ्या चपलेच्या आवाजावरून ओळखलंस आणि हात पसरून म्हणालीस, उनी का वं रूपा, ये माय. आणि मी, हातात फॉर्मची पाटी धरून, गुजरातीत म्हणाले, माजी, बकरी केटली छे?

तुझे हात तसेच हवेत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, फार नसेल. मग ते तू लुगड्याला पुसलेस आणि तूही गुजरातीत अकराचा आकडा सांगितलास, अगियार, बेन.

बेन. तू मला बेन म्हणालीस. एका क्षणात तुला सगळं कळलं आणि तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी तिथंच तुझ्या पाया पडले असते. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. निंबाआबा ओट्यावरून म्हणायला लागले, अरे ही तर आपल्या सुमनची, आणि तू त्यांना अडवलंस. गप बठा आबा, साहेबसनं काम चालू शे. सरांनी मला विचारलं, ओळखीच्या आहेत का? मी म्हणाले, ए लोको तो बधाने बेटा कहे, सर. हे लोक सगळ्यांनाच बेटा म्हणतात. वाड्यात बारा-पंधरा माणसं होती. सगळी मला लहानपणापासून ओळखणारी. त्यांच्यातल्या कितीजणांच्या मांडीवर मी झोपले असेन. कुणी काही बोललं नाही. तू चहा केलास, सगळ्यांना दिलास, मला शेवटी दिलास. बाकीच्यांना कमी दूध आणि माझ्या पेल्यात सायीचं. तो चहा मी अर्धा टाकला.

पण मावशी, एवढंच असतं तर मी कधीतरी येऊन रडले असते आणि तू टपली मारून मिटवलं असतंस. माझा खरा गुन्हा त्याच्या पुढचा आहे.

रक्त शेळीच्या मानेतल्या शिरेतून घेतात. नितीनभाईंना दोरे आड यायला लागले. सर वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, आ दोरा शेना छे? हे दोरे कशाचे? सरांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी दोन बोटांत जरीचा पेड धरला होता, माझा पेड. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे तोंड करून उभी होतीस, वाट बघत. तुला वाटलं असणार की हिला सगळं येतं, आता ही सांगेल, आणि साहेबांना कळेल की रंभाबाईही काहीतरी आहे. मी म्हणाले, नजर लागू नये म्हणून बांधतात, सर. अंधश्रद्धा. का म्हणाले? खरं सांगायचं तर खरं सांगायला मला तुझी भाची व्हावं लागलं असतं. नाहीतर मला काय माहीत, कुठल्या शेळीच्या मानेत काय?

नितीनभाईंनी कात्री घेतली. अकरा दोरे कापले. तू आडवी आली नाहीस. साहेबांच्या कामात आपण बोलायचं नाही असं तुला वाटलं, की माझं खोटं उघडं पडेल म्हणून गप्प राहिलीस, हे मी अजून विचारू शकलेले नाही. ते दोरे, कापसाचे बोळे आणि सुया, सगळं एका पिवळ्या पिशवीत गेलं, आणि पिशवी माझ्या हातात होती. तिची गाठ मी मारली. निघताना मागे वळून बघितलं तर तू लाली शेळीच्या मानेवरून हात फिरवत होतीस. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग तिच्या कानातल्या बिल्ल्याला हात लावलास. अकरा बिल्ले, सगळे सारखे, त्यांच्यावरचे आकडे छापलेले. बोटांना कसे लागणार? गाडीत बसून मी फॉर्म पुरा केला. वंशाची नोंद या रकान्यात लिहिलं: पाळणाऱ्यास माहिती नाही.

त्यानंतर मी आले नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला आले नाही. जन्मात पहिल्यांदा माझी आखाजी तुझ्या झोक्याशिवाय गेली. आईला सांगितलं, कामाचा ताण आहे. तू आईला काहीच सांगितलं नाहीस. उलट तिच्या हातून शेवग्याच्या शेंगा पाठवल्यास, रूपाला आवडतात म्हणून. मी त्या खाल्ल्या. आईसमोर खाव्याच लागल्या.

पावसाळ्यानंतर रक्ताचे निकाल आले. सरांनी आम्हाला बोलावून पडद्यावर दाखवलं. रक्तात एक खूण असते, जी आईकडूनच लेकीला मिळते, लेकीकडून तिच्या लेकीला. तिच्यावरून आजीच्या आजीपर्यंत जाता येतं. मोठमोठ्या कळपांत, साठ-सत्तर शेळ्यांत, दोन किंवा तीनच वंश निघाले, आणि सगळे एकमेकांत गुंतलेले. एका कळपात अकरा शेळ्या आणि चार वेगळे वंश. चारही स्वच्छ, वेगळे ठेवलेले, वीस-बावीस वर्षं नात्यात लावणी नाही. सर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. लाल, काळा, पिवळा, निळा. संगणकानं स्वतःच चार रंग निवडले होते. तुझ्या हिरव्याला त्यानं निळा दिला होता, एवढाच फरक. सरांनी फॉर्म काढून बघितला. म्हणाले, इथं तर माहिती नाही असं लिहिलंय, म्हणजे योगायोगच म्हणायचा. मी त्यांच्या मागेच उभी होते.

डिसेंबरात एका परिषदेत मी हेच मांडलं. मोठा तक्ता, त्यावर माझं नाव सरांच्या नावाखाली. एका वयस्कर बाईंनी विचारलं, एवढ्या लहान कळपात हे आपोआप होत नाही, पाळणारी व्यक्ती काही खूण ठेवते का? मी म्हणाले, नाही मॅडम, निरक्षर आहेत. त्यांनी मान हलवली. टाळ्याही झाल्या. सर म्हणाले, हिला पुढे पीएचडीला घेतो.

घरी आले त्याच आठवड्यात आईनं सांगितलं. तुझ्या शेळीला करडू झालं आणि त्याचा खालचा जबडा इतका आखूड की आचळ तोंडात धरता येईना. तू चार दिवस कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलंस, पाचव्या दिवशी गेलं. आईला तू फोनवर म्हणालीस, आते हातले काहीच लागत नही. आईला त्याचा अर्थ कळला नाही. तिला वाटलं, नशिबाचं बोलतेय.

मी वाल्मिकदादाला तुझ्याकडे पाठवलं, बोकडाच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढून आण म्हटलं. तुला त्यानं काहीतरी थाप मारली असेल. फोटोत आकडा सतरा होता. मी निकालांची यादी उघडली. फेब्रुवारीत तुझ्याकडे दोन लहान बोकड होते, एकाच वयाचे, दोन्ही पांढरे. सतरा तुझ्या घरचा. अठरा सोनगढच्या सुकलालनं अदलाबदलीला आणून बांधलेला, तुझ्या अकरांत न धरलेला, बिनदोऱ्याचा. होळीला सुकलाल येणार, तुझा घेऊन जाणार, त्याचा तुझ्याकडे राहणार, दरवर्षीची रीत. दोरे असते तर तू डोळे मिटून योग्य तो दिला असतास. दोरे नव्हते. सुकलालचा सुकलालला परत गेला आणि घरचा घरात राहिला. आणि ज्या शेळीला तो लागला ती नऊ नंबरची. यादीत सतराच्या पुढे आईच्या रकान्यात नऊच होतं. मुलगा आईला लागला, मावशी. तू जन्मभर जे टाळलंस ते मी घडवलं. ती नऊ नंबरची शेळी कोण हे मी यादी न बघताही सांगू शकते. तिचा वंश जरीचा आहे. माझ्या नावानं सोडलेल्या पाठीच्या नातीची नात.

ऑफिसच्या संडासात जाऊन रडले हे सांगण्यात काही अर्थ नाही. रडून करडाला जबडा येत नाही.

शुक्रवारी सरांना सगळं सांगितलं. ओळख नाकारली तेही, दोऱ्यांचं, फॉर्मचं, परिषदेतल्या उत्तराचं. मग त्यांनी विचारलं, तू एक फॉर्म खोटा भरलास, तर बाकीच्या तीनशे बारा फॉर्मवर मी विश्वास कसा ठेवू? मी म्हणाले, बाकीचे खरे आहेत. ते म्हणाले, हे तू म्हणतेस. आता सगळे फॉर्म दुसरं कुणीतरी पुन्हा तपासणार, आणि लेखातून माझं नाव जाणार. पीएचडीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही विचारलं नाही. उठताना मात्र म्हणाले, ते दोरे कसे होते ते मला काढून दाखव. मी कागदावर काढायला घेतले आणि मधेच थांबले. शेवटी जी गाठ असते ना, कधी एक, कधी तीन, ती कशाची हे मला आठवेना. म्हटलं, सर, मला अर्धंच येतं. ते म्हणाले, मग ज्यांना पूर्ण येतं त्यांना विचारायला हवं होतं.

काल दिवसभर मी दोरे वळत बसले. वाल्मिकदादानं सूत आणून दिलं. पिवळी जर घेतलीस का, असं दोनदा म्हणाला. यादी समोर ठेवून एकेकीचा दोरा केला, जाड पेड आईचा, बारीक बापाचा. रक्त सगळं सांगतं, पण अर्धवटच सांगतं. नऊची आई कोण ते सांगतं, तिचं नाव सांगत नाही. चौथा वंश वेगळा आहे हे सांगतं, पण हिरव्या वंशाची पहिली शेळी कुठून आली, कुणी दिली, हे फक्त तुला माहीत आहे. त्यामुळे अकरांतले आठ दोरे झालेत. तीन हिरव्या वंशाचे तसेच ठेवलेत, आणि गाठी तर एकाही दोऱ्याला मारलेल्या नाहीत. सुकलालला मी फोन केलाय. तो अठरा नंबरचा बोकड घेऊन येईल आणि सतराला घेऊन जाईल. तो म्हणाला, मलाही वाटत होतं हा माझ्याच घरच्यासारखा ओरडतो, पण रंभाबाई चुकणार नाही म्हणून बोललो नाही. तू चुकत नाहीस यावर त्याचा किती भरवसा आहे बघ. मी सांगितलं, ती चुकली नाही, मी चुकले.

आता पत्र का, ते. फोन तू एकटी कानाला लावतेस. मी त्यात कितीही माफी मागितली असती तरी ती तुझ्या कानापर्यंतच राहिली असती, आणि तू नेहमीप्रमाणे, जाऊ दे माय, म्हणून पदराखाली झाकली असतीस. पण मी तुला एकांतात नाकारलं नव्हतं, मावशी. भर वाड्यात, सगळ्यांच्या देखत नाकारलं. तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणालातरी मोठ्यानं वाचावंच लागेल, हे धरूनच मी ते लिहिलं. आणि उतराणीचा दिवस मुद्दाम निवडला. माग बंद, सगळे घरी, कुणी धाब्यावर, कुणी ओट्यावर, त्या दिवशी जे होते ते बहुतेक सगळे असतील. आबा, आता हे जरा वरच्या पट्टीत वाचा, धाब्यावरच्यांना ऐकू जाऊ दे. हाई मन्ही मावशी शे. शेळ्यांचं जे काही मला येतं ते आधी तिनं शिकवलं, कॉलेजनं नंतर. मी रविवारी सकाळी येतेय, आठ दोरे आणि उरलेलं सूत घेऊन. दाराशी उभी राहीन, तू बोलावल्याशिवाय आत येणार नाही. तू रूपा म्हण, नाहीतर त्या दिवसासारखं बेन म्हण. मी या वेळी आपल्याच बोलीत ओ देईन.

तुझीच, जरीच्या वंशातली,
रूपा